माजघरातली ओल

चिपळूण,
१८ मे

प्रिय दिन्या,

चार वर्षं धरून ठेवलेलं भांडण आज सोडतोय. माजघराच्या भिंतीबद्दल तू म्हणालास तेच खरं निघालं. हे तुला फोनवर सांगायचं धाडस होईना, म्हणून पत्र.

इकडे सगळे बरे. माझं बीपी गोळीवर आहे, आईचे गुडघे आहेत तसेच. तिचा खोकला मात्र जात नाही.

परवा तिचा शालू उन्हात घालायला म्हणून लोखंडी कपाट पुढे ओढलं. मागची भिंत कमरेपर्यंत काळी! बुरशीचे ठिपके, आणि त्यांच्या वर पांढरा, कापसासारखा खार. बोट लावलं की भुरभुरतो. शालूच्याही घडीवर तेच ठिपके, नेमके पदरावर. आई काही बोलली नाही. डागाची बाजू आत करून तिनं नुसती घडी बदलली.

दिन्या, वैशाख चाललाय. पाऊस जाऊन सात महिने झाले, मग हे पाणी येतं कुठून? कौलं गळत असती तर ओल वरून उतरली असती, पावसाबरोबर आली नि गेली असती. ही खालून चढलीय आणि तीन फुटांवर आडवी रेघ ओढून थांबलीय. थोरला म्हणाला, पाइप फुटलाय. रात्री टाकी भरली, सगळे नळ बंद केले, आत पाण्याच्या पातळीवर खूण केली. सकाळी पाणी खुणेलाच. मग वाटलं, हवेतला दमटपणा भिंतीला धरत असेल. वीतभर प्लास्टिक घेऊन चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर लावलं. दोन दिवसांनी पाहिलं तर खोलीकडची बाजू कोरडी आणि भिंतीकडच्या बाजूला थेंब. म्हणजे भिंतच ओली.

बंड्याचा सल्ला, वरून टाइल लावून टाक. बंड्या अजून तस्साच. दुखऱ्या दातावरही तो टाइल लावेल.

शेवटी मागच्या दारी गेलो आणि मटकन खाली बसलो. पुरानंतर भराव टाकून पेव्हर ब्लॉक बसवले, त्यात अंगण जोत्याच्या वर गेलंय, चांगलं चार बोटं. मोरीचं पाणी त्या ब्लॉकवरून उतारानं थेट भिंतीशी येतं. रोज, बारा महिने. मी रोज तिथूनच ये-जा करतो रे.

बावीस जुलैची ती रात्र आपण दोघांनी माळ्यावर काढली. वाशिष्ठी नदीचा पूर उतरल्यावर तू भिंतीला तळवा लावून म्हणालास, जांभा दगड आहे, पोटभर पाणी प्यायलाय, एक उन्हाळा तरी उघडा ठेव आणि मग चुन्याचाच गिलावा कर. मी म्हणालो, मार्गशीर्षात ताईचं लग्न, पाहुण्यांना सोललेल्या भिंती दाखवू? आणि मग ते वाक्य, "गवंड्याचा पोर म्हणून मला घर शिकवू नकोस." तुझ्या आजोबांनी चुना घोटून गुळगुळीत केलेल्या भिंतीसमोर उभं राहून मी ते बोललो. ते मागे घेतो. मला क्षमा कर.

सिमेंट केलं, वर ऑइलपेंट. आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच ठेवली नाही. दर दसऱ्याला पोपडे, दर दसऱ्याला पुट्टी. काल छिन्नीनं वीतभर गिलावा उचकटला, तर पापडासारखा अख्खा सुटून आला. आतला चिरा काळपट लाल, सांध्यातली माती बोटाला चिकटते.

आता घोर एवढाच की मृगाला तीन आठवडे उरलेत. जोत्यालगतचं अंगण खणून खाली घेणं आणि मोरीचं पाणी पाइपातून गटारात सोडणं, एवढं तेवढ्यात होईल. दोन गडी ठरवलेत. पण गिलावा आत्ताच सोलू का? सोलला तर पावसाळ्यात भिंत सुकणार नाही. नाही सोलला तर आई आणखी चार महिने त्या बुरशीशेजारी झोपणार. ओटीवर झोप म्हटलं तर ऐकत नाही. बाबा त्याच खोलीत गेले, तिची खाट तिथून हलत नाही. रात्री ती खोकते आणि मी इकडे मोजत पडतो. भिंत एवढी सांगत होती आणि मी रंग लावत बसलो, हे डोक्यातून जात नाही.

काकांना विचारशील? त्यांना ऐकू कमी येतं ना, मोठ्यानं विचार. चुना किती दिवस भिजवायचा, गिलाव्याचा हात किती जाडीचा द्यायचा, आणि पावसाआधी नुसता खालचा तीन फुटांचा पट्टा सोलून ठेवला तर चालेल का. चुन्याचं काम करणारा माणूस आता इथे मिळत नाही, त्यांच्या ओळखीचं कुणी असेल तर नाव कळव.

तुझी बदली नागपूरला झाली म्हणे. घर मिळालं का? चिऊ दहावीला होती ना, पेढे माझ्याकडे उधार. वहिनींना नमस्कार.

काकांचं उत्तर येईपर्यंत छिन्नी हातात घेत नाही. अंगण मात्र उद्यापासून खणायला घेतोय. शालू ओटीवर सावलीत पसरलाय, आई दर तासाला जाऊन पदर उलटून बघते.

तुझाच,
अव्या