स्लॉटमधली एसएसडी विकण्याआधी मदरबोर्ड तरी बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ जवळ आलाय म्हणून नाशकातले फोटोग्राफर, ड्रोनवाले, लग्नाचे व्हिडिओ करणारे सगळेच मशीन अपग्रेड करायला लागलेत, आणि दुकानात गेलं की बऱ्याचदा एकच सल्ला मिळतो, जुन्या पीसीच्या मदरबोर्डावरच्या स्लॉटमध्ये (कार्डं लावायच्या खाचेत) पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड टाका, त्यावर एनव्हीएमई एसएसडी (या स्लॉटमधून चालणारी, हार्डडिस्कऐवजी चिपवर डेटा ठेवणारी वेगवान ड्राइव्ह) लावा, साध्या एसएसडीच्या सहापट स्पीड. मी एडिटिंगच करतो, ओळखीच्या लोकांची मशीनपण बघून देतो, म्हणून लिहितोय. वस्तू खरंच चांगली आहे, पण ज्याला गरज नाही त्याच्या गळ्यात मारली जातेय.

आकडा खोटा नाही. साटा केबलवरची, म्हणजे हार्डडिस्कच्याच केबलला लागणारी साधी एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार लेन (डेटा जायच्या वाटा) मिळाल्या तर चांगली एनव्हीएमई तीन-साडेतीन हजारापर्यंत जाते. पण स्लॉट तसा पाहिजे ना. सातपूरला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगच्या पीसीला असंच कार्ड बसवून दिलेलं, आणि बसवलं कुठे तर सगळ्यात छोट्या, एकाच लेनच्या एक्स १ स्लॉटमध्ये, बोर्ड २०१५ च्या आधीचा, म्हणजे तो स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा, तिथे कागदावरच ५०० एमबीच्या वर काही जात नाही. साध्या साटा एसएसडीपेक्षा कमी स्पीड आणि कार्डाचे पैसे वेगळे! त्यात विंडोज त्यावरून बूट होईना, म्हणजे सुरूच होईना, कारण एनव्हीएमई हे स्टँडर्डच २०११ चं, त्या काळातल्या बहुतेक बोर्डांच्या बायोसला (पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला) ती बूट ड्राइव्ह म्हणून दिसतच नाही. विंडोज ७ असेल तर ड्रायव्हरपण वेगळा टाकावा लागतो. शेवटी विंडोज साटा एसएसडीवर घेतलं आणि कार्ड फक्त डेटासाठी ठेवलं, तेव्हा कुठे काम सुरू झालं.

आता आम्हा व्हिडिओवाल्यांचं. कॅमेऱ्याचं साधं यूएचएस-१ मेमरी कार्ड साध्या रीडरमध्ये सेकंदाला १०४ एमबीच्या पुढे जात नाही, म्हणजे २५६ जीबीचं कार्ड रिकामं करायला जवळपास पाऊण तास लागणारच, पीसीत कितीही महाग एसएसडी असू दे. शंभर मेगाबिटचं फोरके फुटेज सेकंदाला साडेबारा एमबी वाचतं, चार कॅमेरे एकदम लावले तरी ५०, ते साटावर आरामात चालतं. टाइमलाइन अडकते ती प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्डामुळे, आणि गिऱ्हाईक पैसे घालतो एसएसडीत. घरच्या पीसीचं, दुकानाच्या बिलिंगचं तर विचारूच नका, हार्डडिस्क काढून साटा एसएसडी टाकली की जो फरक पडतो तो प्रचंड, त्याच्या पुढचा हाताला जाणवतसुद्धा नाही.

मग कार्ड घ्यावं कोणी? जो रॉ किंवा प्रोरेसमध्ये (कमी दाबलेल्या, फार मोठ्या फाइलींच्या फुटेजवर) काम करतो, ज्याला शेकडो जीबीचे प्रोजेक्ट एका एसएसडीवरून दुसऱ्या एसएसडीवर हलवायचे असतात, ड्रोनच्या फोटोंवरून नकाशे करतो, त्याने नक्की घ्यावं. बोर्डावर एम डॉट टूची जागा (पट्टीसारखी छोटी एसएसडी थेट बसते ती) नसेल तर हाच रस्ता आहे, साटाचे पोर्ट हार्डडिस्कना मोकळे राहतात, आणि ॲडॅप्टर कार्ड असेल तर उद्या नवा पीसी घेताना एसएसडी काढून त्यात लावता येते, पैसे वाया जात नाहीत. हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. फक्त एम डॉट टू आकाराची साटा एसएसडी एनव्हीएमईच्या ॲडॅप्टरवर चालत नाही, दिसायला दोन्ही सारख्याच, तेवढं बघून घ्यायचं. काही बोर्डांवर खालचा मोठा स्लॉट वापरला की ग्राफिक्स कार्डाच्या लेन सोळाच्या आठ होतात, तेपण मॅन्युअलमध्ये बघावं. हीटसिंक (उष्णता घालवणारी धातूची पट्टी) तर हवाच, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, बंद खोलीत एक्सपोर्ट लावला की चिप तापते आणि स्वतःच स्पीड कमी करते.

आणि बॅकअप! एसएसडी बऱ्याचदा काही न सांगता जाते, डिलीट झालेला डेटा ट्रिममुळे (डिलीट केलेली जागा एसएसडी आतून पुसून टाकते त्यामुळे) परत मिळणं फार अवघड. शाही स्नानाचं शूटिंग पुन्हा करता येणार नाही हो, त्यामुळे महागडं कार्ड एक घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशात साटा एसएसडी आणि बॅकअपला मोठी हार्डडिस्क बसत असेल तर मी तेच घ्यायला सांगेन.

शहरातल्या कॉम्प्युटर विक्रेत्यांना आपल्या पेपरातून एकच विनंती, कार्ड विकण्याआधी बोर्डाचं मॉडेल विचारा, आणि बिलावर नुसतं "एसएसडी ५०० जीबी" न लिहिता साटा की एनव्हीएमई, कोणत्या स्लॉटला बसवली, त्यावरून बूट होते की नाही आणि वॉरंटी किती वर्षं, हे स्वच्छ लिहून द्या.

आपला वाचक,
एक व्हिडिओ एडिटर, सिडको, नाशिक