डिंक्याचे मूळ खोडावर नाही, आळ्यात

महोदय,

काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात पावसाळा ओसरला की संत्र्याची झाडे पिवळी पडून वाळू लागतात आणि त्याचे खापर हवामानावर फुटते. हवामान निमित्त असते. बहुतेक बागांत खरे कारण फायटोफ्थोरा ही बुरशी असते. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. त्यामुळे खोडाभोवती पाणी साचले की डिंक्या (खोडातून डिंक गळणे), पायकूज आणि मूळकूज या तिन्ही रोगांना वाट मोकळी होते.

पाने मध्यशिरेपासून पिवळी पडली की अनेकजण आधी झिंक फवारतात आणि पाणी वाढवतात. वाढवलेले पाणीच झाडाला संपवते. त्याआधी झाडाच्या घेराखालची माती वीतभर उकरून बारीक तंतुमुळे बोटांच्या चिमटीत ओढून पाहावीत. साल मोज्यासारखी निसटून हाती आली आणि मागे नुसता दोरा राहिला, तर मूळकूज आहे. खोडावर डिंक दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण डिंक पाण्यात विरघळतो आणि जोराच्या पावसात धुऊन जातो.

बोर्डो मलम सगळेच लावतात, पण पुष्कळदा दिवाळीनंतर, बाग नीटनेटकी दिसावी म्हणून. पावसाआधी, म्हणजे मेअखेरीस, एक हात आणि पावसाळा संपल्यावर दुसरा, असे वर्षातून दोनदा जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत मलम लागले पाहिजे. प्रमाण सोपे आहे: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद रात्रभर 5 लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत भिजवावे. लोखंडी भांडे चालत नाही. चुना उरलेल्या 5 लिटरमध्ये वेगळा विरवून, गार करून गाळावा. मग दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळावे. चकचकीत खिळा त्यात बुडवून तांबूस झाला तर आणखी चुना घालावा, नाहीतर मोकळे तांबे सालीला भाजते. पोत्यात वर्षभर पडून विरलेला चुना वापरला की हेच होते. मलम त्याच दिवशी संपवावे.

खोडावर चट्टा असेल तर त्यावरून नुसते मलम फासून उपयोग नाही. कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडावी, खाली गोणपाट अंथरून खरवड गोळा करून जाळावी, जखम 1 टक्का पोटॅशियम परमँगनेटने धुवावी आणि मगच मलम लावावे. मुळांसाठी मेटॅलॅक्झिल-एम 4 टक्के अधिक मॅन्कोझेब 64 टक्के हे मिश्र बुरशीनाशक लिटरला 2.5 ग्रॅम घेऊन झाडाच्या घेराखाली भिजवण करावी आणि सुमारे 40 दिवसांनी पुन्हा द्यावी. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चांगली, पण या भिजवणीबरोबर नव्हे. मॅन्कोझेब तिलाही मारतो, म्हणून मध्ये किमान 15 दिवस जाऊ द्यावेत.

हे सारे करूनही पाणी खोडाला भिडत राहिले तर खर्च वाया. दुहेरी आळे करावे: आतले खोडापासून दीड-दोन फुटांवर, बाहेरचे घेराच्या कडेला, आणि पाणी दोहोंच्या मधल्या पट्ट्यातच द्यावे. आतल्या आळ्याचा बांध फुटू देऊ नये. भारी काळ्या जमिनीत दर दोन ओळींनंतर उताराला धरून चर हवाच. आंब्या बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतील फुलोऱ्यासाठी) पाणी तोडून दिलेला ताण संपवताना पहिलेच पाणी तुडुंब देण्याची सवयही सोडावी. मेलेल्या झाडाच्या खड्ड्यात लगेच नवे कलम लावू नये, कारण बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात.

सर्वांत मोठा घोळ पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेतच होतो. ज्यावर संत्र्याचे कलम बांधतात त्या खुंटांपैकी जंबेरी या रोगाला लवकर बळी पडतो, तर रंगपूर लाईम तुलनेने टिकतो. संत्र्याचा डोळा (कलमाची कळी) खुंटावर जमिनीपासून किमान 9 इंच वर बांधलेला हवा, कारण डोळ्याच्या वरची संत्र्याची साल कोवळी असते. चार-पाच इंचांवर बांधलेले कलम खोल लावले आणि वर मातीची भर दिली की ही साल थेट ओल्या मातीत जाते. कृषी विभागाने रोपवाटिकांच्या पावतीवर खुंटाचे नाव आणि डोळ्याची उंची लिहिणे सक्तीचे करावे. तोवर शेतकऱ्यांनी कलमा गाडीत भरण्यापूर्वी हातात पट्टी घेऊन डोळ्याची उंची मोजावी आणि कमी भरेल ते कलम तिथेच परत करावे.

– काही संत्रा बागायतदार, ता. काटोल, जि. नागपूर