सरकारी पीडीएफना क्लिक होणारी अनुक्रमणिका द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महापालिकांचे अर्थसंकल्प, विकास आराखड्यांचे अहवाल, पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचे खंड आता संकेतस्थळांवर मिळतात, हे चांगलेच आहे. पण तीनशे-चारशे पानांची पीडीएफ उघडावी तर अनुक्रमणिका नसतेच, किंवा असली तरी नुसती छापील. तिच्यावर बोट ठेवून काही उघडत नाही आणि तिच्यातला पृष्ठक्रमांक टाकला तर भलतेच पान समोर येते. 2006च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणविषयक जनसुनावणीआधी लोकांना किमान 30 दिवस मिळतात. त्यातले निम्मे आपल्या गावाचा तक्ता शोधण्यातच जाणार असतील, तर हरकत लिहायची कधी? माहिती अधिकार कायदा, 2005च्या कलम 4(1) मध्ये अगदी पहिलीच अपेक्षा अभिलेख नीट सूचीबद्ध ठेवण्याची आहे.

यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. खरी अडचण अशी की अनुक्रमणिका हाताने टाइप केली जाते. शीर्षक ठळक करायचे, अक्षर मोठे करायचे आणि शेवटी टिंबे दाबत पानाचा आकडा लिहायचा. मग मध्ये एक तक्ता वाढला की पुढचे सगळे आकडे चुकतात. वर्डच्या लेखी ते ठळक अक्षर म्हणजे शीर्षक नव्हे. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल+ऑल्ट+1 दाबले, उपशीर्षकावर कंट्रोल+ऑल्ट+2, की त्यांना ‘हेडिंग’ शैली लागते. मग ‘रेफरन्सेस’मधून ‘टेबल ऑफ कंटेंट्स’ घातले की यादी आपोआप तयार होते. मजकूर बदलल्यावर यादीवर क्लिक करून एफ9 दाबावे आणि ‘अपडेट एंटायर टेबल’ निवडावे. नुसते पृष्ठक्रमांक ताजे केले तर बदललेली शीर्षके जुनीच राहतात. यादीत अख्खा परिच्छेद शिरला असेल, तर त्या परिच्छेदाला चुकून हेडिंग शैली लागली आहे असे समजावे. यादीतून तो खोडून उपयोग नाही, पुढच्या अपडेटला पुन्हा येतो. यादीचा फाँटही तिथल्या तिथे बदलू नये, ‘टीओसी 1’, ‘टीओसी 2’ या शैलींत बदलावा. मराठीसाठी तो ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या रकान्यात निवडावा लागतो, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

इतके करूनही घात होतो तो पीडीएफ करताना. ‘प्रिंट’मधून पीडीएफ काढली की दुवे जातात. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीडीएफ निवडून ‘ऑप्शन्स’मध्ये हेडिंगवरून बुकमार्क, म्हणजे पीडीएफच्या बाजूच्या पट्टीत दिसणारी शीर्षकांची क्लिक होणारी यादी, तयार करण्याच्या पर्यायावर खूण करावी. लिब्रेऑफिसमध्येही पीडीएफ एक्सपोर्ट करताना असाच पर्याय असतो. त्याहून मोठे नुकसान सहीपायी होते : सगळा अहवाल छापायचा, शेवटच्या पानावर सही घ्यायची आणि पुन्हा सगळाच स्कॅन करायचा. एका सहीसाठी चारशे पानांची चित्रे होतात, मग दुवेही नाहीत आणि शोधही नाही. सहीचे तेवढे पान स्कॅन करून मूळ पीडीएफमध्ये बसवावे, किंवा डिजिटल स्वाक्षरी वापरावी.

मराठीत आणखी एक अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर पानावर मराठी दिसतो, पण बुकमार्कच्या पट्टीत त्याची रोमन अक्षरे आणि चिन्हे होतात, कारण तिथे तो फाँट लागू होत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि जोडाक्षरे, रफार, विशेषतः ‘ऱ्य’ डोळ्यांखालून घालावेत. रूपांतरात हमखास बिघडतात ते हेच.

पृष्ठक्रमांकाचा घोळ मुखपृष्ठापासून सुरू होतो. मुखपृष्ठ, मनोगत, मान्यतापत्र अशी आठ पाने बिनक्रमांकाची असली, तर छापील पान 6 हे पीडीएफमध्ये चौदावे असते. छापील प्रतीची गरज नसेल तर मुखपृष्ठालाच 1 धरावे. अनेक विभागांच्या फाइली जोडलेल्या असतील तर प्रत्येक भाग पुन्हा 1पासून सुरू होतो; तिथे एक तर सलग क्रमांक द्यावेत, नाहीतर ‘आरोग्य-12’ असे. कायद्यांच्या प्रतींत सुरुवातीला कलमांची यादी असते, तिच्यात अनेकदा पानांचे आकडे नसतात, तरी अडत नाही; कलमाचा क्रमांक कुठल्याही आवृत्तीत तोच असतो. अहवालांतही प्रकरणांना आणि परिच्छेदांना 4.2, 4.3 असे क्रमांक द्यावेत. हरकत लिहिणाऱ्याला नेमका परिच्छेद दाखवता येतो.

अर्थसंकल्पात लोक प्रकरणे नव्हे, तक्ते शोधतात. प्रत्येक तक्त्याला ‘इन्सर्ट कॅप्शन’ने शीर्षक दिले, तर ‘टेबल ऑफ फिगर्स’मधून तक्त्यांची वेगळी यादी निघते. मुख्य यादी मात्र दोन पातळ्यांवर थांबवावी. चार-पाच पानांची अनुक्रमणिका कोणी वाचत नाही. तिसरी पातळी बुकमार्कमध्ये असू द्यावी.

फाइल संकेतस्थळावर चढवण्याआधी ती मोबाइलवर उघडून यादीतील पहिली, मधली आणि शेवटची नोंद दाबून पाहावी. अहवाल खासगी सल्लागाराकडून करून घेतला जात असेल, तर ही तपासणी आणि मूळ संपादनक्षम फाइल या दोन्ही अटी कार्यादेशातच घालाव्यात. बिल मंजूर झाल्यावर त्या मागून मिळत नाहीत.

आपला,
दस्तऐवज-संपादनाचे काम करणारा एक वाचक, पुणे