केंद्राचे दोनशे रुपये कधी वाढणार?

शेजारच्या आजी दर महिन्याला पासबुक भरून आणतात आणि मला वाचायला देतात. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाच्या दीड हजारांत केंद्राचे दोनशे आणि श्रावणबाळ योजनेतून राज्याचे तेराशे. ६० ते ७९ वयोगटासाठीचा केंद्राचा हा वाटा २००७ पासून दोनशेवरच अडकला आहे. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्यात येत नाहीत. मध्यंतरी एक रक्कम जमा झाली, दुसरी नाही. चौकशी केली तर ‘ते पैसे वरून येतात’ एवढेच उत्तर मिळाले. आजींनी विचारले, ‘वरून म्हणजे कुठून रे बाळा?’ मला सांगता आले नाही आणि त्याचे फार वाईट वाटले.

बहुतेक केंद्रपुरस्कृत योजनांचा खर्च केंद्र व राज्य ६०:४० असा वाटून घेतात. खर्चाची वाटणी होते, पण जबाबदारीची होत नाही. खरे तर एकमेकांकडून शिकता येते. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, पुढे २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी तसा कायदा केला. मग वृद्धांच्याच बाबतीत दिल्लीला राज्यांचे अनुभव का ऐकू येत नाहीत?

केंद्राने आपला वाटा महागाईशी जोडावा. दोन्ही रकमा एकाच तारखेला जमा व्हाव्यात. पैसे अडले तर ते कोणत्या सरकारकडे अडले आहेत, हे तहसील कार्यालयातच लेखी मिळावे. म्हाताऱ्या माणसाला त्यासाठी चार खेपा घालायला लावू नयेत.

– एक वाचक