डॉ. सुनीती सॉलोमन यांना, एका समुपदेशिकेकडून

आदरणीय डॉ. सुनीती सॉलोमन मॅडम,

सादर प्रणाम.

हे पत्र आपल्या हाती पडणार नाही, हे ठाऊक असूनही लिहीत आहे. २८ जुलै २०१५ रोजी चेन्नईत आपले निधन झाले, तेव्हा एचआयव्हीची, म्हणजे एड्सच्या विषाणूची, लागण झालेल्यांना औषधे देणाऱ्या जिल्हा रुग्णालयातील एआरटी केंद्रात समुपदेशक म्हणून मला चार वर्षे झाली होती. आपली माझी भेट कधीच झाली नाही. आपले आभार मानायचे मनात होते, ते राहून गेले. गेल्या आठवड्यात औषधे न्यायला आलेल्या एका ताईंनी मला विचारले, "मॅडम, हा आजार आपल्या देशात पहिल्यांदा शोधला कोणी?" मी आपले नाव सांगितले आणि माहेरचे गायतोंडे हे आडनावही सांगितले. "म्हणजे आपल्याकडच्याच की," असे म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पुढची सारी हकीगत त्यांना सांगता सांगताच हे पत्र लिहायचे ठरले.

चेन्नईत स्थायिक झालेल्या, कातड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरात आपण वाढलात. लस टोचायला दरवर्षी घरी येणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यामुळे आपल्याला डॉक्टरकीची ओढ लागली, हे वाचले तेव्हा फार आनंद झाला होता. परदेशातील प्रशिक्षण आटोपून १९७३ साली आपण परतलात आणि पुढे मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागलात. १९८१ साली अमेरिकेत एड्सची पहिली नोंद झाल्यावर, हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, आपल्या समाजात तो शिरणार नाही, असे आपल्याकडे जबाबदार माणसेही ठामपणे बोलत होती. आपण मात्र आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी नेमका हाच विषय दिला. कोणाचीही तपासणी झालेली नसताना आजार नाही असे म्हणता येत नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. पण त्या काळात तो बोलून दाखवणे आणि तडीस नेणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना या क्षेत्रात काम करणाऱ्यांना येईल.

निर्मलाताईंनी सुधारगृहात ठेवलेल्या, देहविक्रय करणाऱ्या महिलांचे रक्त हातमोजेही न घालता गोळा केले, त्यातून वेगळे काढलेले सीरम स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये जपून ठेवले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये बर्फाच्या पेटीत ते नमुने घालून, पतीला सोबत घेऊन, रात्रीच्या गाडीने काटपाडी गाठले आणि तिथून वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. तेथील एलायझा या रक्तचाचणीत सहा नमुने पिवळे पडले, म्हणजे त्यांत लागण दिसली. अमेरिकेत फेरतपासणी होऊन निदान पक्के झाले आणि त्याच वर्षी तमिळनाडूच्या विधानसभेत ते जाहीर करावे लागले.

या हकीगतीतील एक गोष्ट मला आजही बोचते आणि आपल्यापासून ती लपवावी असे वाटत नाही. आपली तपासणी कशासाठी होत आहे, हे त्या महिलांना सांगितले गेले नव्हते. आज चाचणीपूर्वी समोरच्या माणसाला सारे समजावून सांगून त्याची संमती घेणे, हेच माझे पहिले काम आहे. त्या सहा जणींची नावे कोणाला माहीत नाहीत. आपले आभार मानताना त्यांचेही आभार मानल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आपण स्वतः पुढे जो मार्ग धरलात, तो स्वेच्छेने होणाऱ्या चाचणीचा आणि समुपदेशनाचा होता, हे मला फार मोलाचे वाटते.

निदान करून आपण थांबला असतात, तरी इतिहासात आपले नाव राहिले असते. आपण रुग्णांकडे वळलात. या रुग्णांमध्ये आपण काम करू नये, असे आरंभी आपल्या पतींना वाटत होते आणि त्यांची कहाणी एकदा ऐका, मग असे म्हणणार नाही, असे आपण त्यांना सांगितले होते. १९९३ साली आपण वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र, म्हणजेच वायआरजी केअर, सुरू केले. त्या वेळी रुग्णाला देण्याजोगे औषध जवळजवळ नव्हते. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार आला, पण तो आपल्याकडच्या माणसाच्या ऐपतीबाहेरचा होता. २००१ पासून भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळू लागल्या आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारने त्या मोफत देण्यास आरंभ केला. मधली ती वर्षे आपण कशी काढली असतील? मला निदान गोळ्यांची बाटली पुढे करता येते.

एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलामुलींची लग्ने आपण जुळवून दिलीत, धर्म, जात, मिळकत यांच्याबरोबरच सीडी फोर या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाणही पाहून. आमच्याकडे पत्रिका जुळली की घरचे निश्चिंत होतात. आपण दोघांच्या रक्ताचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून तेवढ्याच काळजीने संसार उभे करून दिलेत. हे काम डॉक्टरचे नाही, असे कोणी म्हणाले असेल तर ते मला मान्य नाही.

दांपत्यांपैकी एकालाच लागण असेल आणि त्याचे उपचार लवकर सुरू केले, तर जोडीदार वाचतो का, हे पाहणारा मोठा अभ्यास नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झाला. त्यात चेन्नईचे आपले केंद्र होते आणि पुणेही होते. २०११ साली निष्कर्ष आला, की उपचार लवकर सुरू झाल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. मी त्याच वर्षी कामाला लागले. समोर बसलेल्या नवराबायकोला "गोळ्या चुकवू नका, म्हणजे त्यांनाही धोका नाही," असे आज मी ज्या खात्रीने सांगते, ती खात्री आपण आणि त्या जोडप्यांनी मला दिली आहे.

ज्या ताईंनी आपले नाव विचारले, त्यांना २०११ साली, कळा सुरू झालेल्या असताना, एका खासगी दवाखान्याने अहवाल पाहून दारातूनच परत पाठवले होते. अशा भेदभावाला बंदी घालणारा कायदा २०१७ साली झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. तेव्हा तो नव्हता. रिक्षाने आमच्या रुग्णालयात येऊन त्या बाळंत झाल्या, बाळाला लागण होऊ नये म्हणून त्यांना आणि बाळाला नेव्हिरापिन हे औषध दिले गेले आणि अठराव्या महिन्याला मुलीची तपासणी निगेटिव्ह आली. आजही त्या बाटली हाती आली की प्रथम नखाने तिच्यावरचे लेबल खरवडून काढतात, मग एसटीत गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापसाचा बोळा दाबून बसवतात. त्या दिवशीही आपली हकीगत ऐकता ऐकता त्यांचे हात तेच करत होते.

निघताना त्यांनी आपले नाव लिहून मागितले. मुलगी आता नववीत आहे आणि विज्ञान दिनाला शाळेत तिला एका महिला शास्त्रज्ञावर भाषण करायचे आहे. आईचा आजार तिला अजून सांगितलेला नाही. मी कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरांत 'डॉ. सुनीती सॉलोमन (गायतोंडे), चेन्नई' असे लिहून दिले. केंद्राचा शिक्का असलेला कागद मुद्दाम वापरला नाही.

आपली कृतज्ञ,
एक समुपदेशिका