पार्टी हॉस्टेलांना बारचे नियम लावा: गोव्याच्या पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
गोवा राज्य.

महोदय,

सविनय नमस्कार. हणजूण, वागातोर, हडफडे, कळंगुट या बारदेशच्या किनारपट्टीत, आणि आता पेडण्यातील मोरजी-हरमलकडेही, स्वस्तातील पार्टी हॉस्टेलांची, म्हणजे पर्यटकांना सामायिक खोलीतील खाट भाड्याने देऊन त्याच इमारतीत बार चालवणाऱ्या निवासांची, जी दाटी होत चालली आहे, तिच्याविषयी हे पत्र लिहीत आहे. माझे घर बारदेशात आहे. आमच्या गावातील बहुतेक घरांत येणारा पैसा या ना त्या वाटेने पर्यटकाच्याच खिशातून येतो, याची मला पूर्ण जाणीव आहे आणि पर्यटनाला विरोध करण्याचा माझा हेतू नाही. माझी मागणी मर्यादित आहे. जे हॉस्टेल दारू विकते आणि रात्री ध्वनिवर्धक लावते, त्याची नोंदणी, तपासणी आणि त्याच्यावरील कारवाई बार समजून व्हावी, आणि त्या बारच्या वरच्या मजल्यावर माणसे झोपलेली असतात, हे परवाना देणाऱ्याने विसरू नये.

या धंद्याचे गणित पाहिल्याखेरीज ही मागणी का करावी लागते, ते कळणार नाही. सहा, आठ किंवा बारा खाटांच्या सामायिक खोलीतील एका खाटेचे भाडे इतके कमी ठेवले जाते, की जागेचे भाडे, वीज, चादरींची धुलाई आणि ऑनलाइन बुकिंग कंपन्यांचे कमिशन एवढा खर्च त्यातून भागणे कठीण असते. ही तूट तळमजल्यावरच्या किंवा गच्चीवरच्या बारमधून भरून निघते. म्हणून संध्याकाळी पहिला पेला मोफत दिला जातो, मनगटाला पट्टी बांधून पाहुण्यांचा जथा या बारमधून त्या बारमध्ये फिरवला जातो आणि रात्र जितकी लांबेल तितका गल्ला वाढतो. कागदोपत्री मात्र हे सारे विखुरलेले असते. 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली आपल्या खात्याकडे निवासाची नोंद, अबकारी खात्याकडे बारचा परवाना, पंचायतीकडे व्यवसाय परवाना, अग्निशामक दलाकडे एक फाइल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणखी एक. प्रत्येकाला त्या इमारतीचा आपल्यापुरता तुकडा दिसतो. अख्खी इमारत रात्री एक वाजता कशी चालते, हे पाहण्याचे काम कोणाच्याच वाट्याला आलेले नाही.

हा विषय निघाला की सरकारी व्यासपीठांवरून ‘दर्जेदार पर्यटक हवेत’ असे सांगितले जाते. मला हा सूर पटत नाही. स्वस्त खाटेमुळेच नुकती नोकरीला लागलेली मुले-मुली घराबाहेरचे जग पाहू शकतात, एकट्याने फिरणाऱ्या मुलीला महिलांच्या सामायिक खोलीत सोबत मिळते आणि ऐन पावसाळ्यातही गावातल्या खाणावळींना थोडे गिऱ्हाईक राहते. बार नसलेली, रात्री अकराला फाटक लावणारी हॉस्टेले आमच्याकडे आहेत आणि त्यांच्याविषयी शेजाऱ्यांची तक्रार सहसा ऐकू येत नाही. उलट महागड्या व्हिलांच्या तरणतलावाकाठी चालणारा धिंगाणा काही कमी नसतो. डिसेंबर 2025 मध्ये हडफडे येथील ज्या नाइट क्लबला आग लागून 25 जणांचा बळी गेला, तोही काही गरिबाघरच्या पोरांचा अड्डा नव्हता. तेव्हा पर्यटकाच्या खिशावरून त्याची पारख करणे सोडून द्यावे आणि दारू व ध्वनिवर्धक या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे नियम घट्ट करावेत, असे माझे मत आहे.

आवाजाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण रोजचा जाच तोच आहे. मध्यरात्रीनंतर आमच्या भागातील जुन्या घरांची शिंपल्यांची तावदाने थरथरू लागतात. गाण्याचे शब्द कळत नाहीत, सूरही कळत नाही, फक्त खर्जातला ठोका भिंतीतून आणि पलंगाच्या पायांतून अंगात उतरत राहतो. तक्रार केली की बऱ्याच वेळाने पोलिसांची जीप येते, जीप वळणावर दिसताच आवाज उतरतो आणि ती परत फिरली की पूर्ववत चढतो. त्यातूनही पाठपुरावा केला, तर एक कार्यालय म्हणते की आवाज मोजायचे यंत्र दुसऱ्या कार्यालयाकडे आहे, आणि ते दुसरे कार्यालय सकाळी साडेनऊला उघडते. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत ज्यांच्या घरी मुले अभ्यासाला बसलेली असतात, त्यांच्याशी आपण एकदा बोलावे.

कायदा याबाबत मुळीच संदिग्ध नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागासाठी 45 आणि व्यावसायिक भागासाठी 55 डेसिबलची मर्यादा आहे, आणि या वेळेत ध्वनिवर्धक लावायचाच असेल तर तो बंदिस्त जागेत, आतल्या आत लावता येतो. उघडी गच्ची किंवा तरणतलावाचा काठ ही बंदिस्त जागा होऊ शकत नाही, हे सांगायला वकील लागत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकारला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण तीही वर्षाकाठी 15 दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि दर शनिवारचा डीजे कोणत्याही पंचांगात उत्सव म्हणून सापडणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये याविषयी सविस्तर निकाल दिला आहे, आणि हणजूण-वागातोरच्या रात्रींचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर वारंवार गेला आहे.

एक तांत्रिक मुद्दा मात्र अद्याप दुर्लक्षित आहे. आपले नियम ज्या ‘ए’ पद्धतीच्या डेसिबलमध्ये मर्यादा सांगतात, तिच्यात खर्जातल्या आवाजाला फार कमी वजन दिले जाते, कारण ती पद्धत माणसाच्या कानाला हलका आवाज कसा ऐकू येतो यावर बेतलेली आहे. पण आजच्या पार्टी संगीताचा सारा जोर खर्जावरच असतो, आणि हाच खर्ज भिंती ओलांडून दूरवर जातो. परिणामी यंत्रावरचा आकडा जेमतेम मर्यादेबाहेर दिसतो आणि घरातली तावदाने मात्र वाजत राहतात. खर्ज अधिक नेमका पकडणारी ‘सी’ पद्धत उपलब्ध आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने दोन्ही पद्धतींनी मोजमाप करावे आणि ते हॉस्टेलच्या फाटकापाशी उभे राहून न करता तक्रारदाराच्या खिडकीपाशी करावे, एवढे आपण त्यांना सुचवू शकता.

आता आगीकडे वळतो. हडफड्याच्या दुर्घटनेत मृतांमध्ये पर्यटकांपेक्षा तिथे राबणारे कामगारच जास्त होते आणि अनेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. त्यानंतर नाइट क्लबांच्या तपासण्या झाल्या, टाळे ठोकले गेले, पण सामायिक खोल्यांकडे त्या नजरेने पाहिले गेल्याचे दिसत नाही. अशी एखादी खोली डोळ्यांसमोर आणा. दुमजली खाटा, फोमच्या गाद्या, प्रत्येक खाटेला आडोशाचा पडदा, उशाशी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेले पाच-सहा चार्जर, खिडकीला लोखंडी गज आणि बाहेर पडायला एकच दार. जुन्या पोर्तुगीजकालीन घरात हॉस्टेल असेल तर वर लाकडी तक्तपोशी असते आणि जिनाही लाकडीच असतो. त्यात पहाटे चार वाजता झोपलेल्या माणसाच्या पोटात भरपूर दारू असते आणि धोक्याची घंटा वाजली तरी तो चटकन उठेल याची खात्री नसते. अशा जागेला आगीच्या बाबतीत साध्या लॉजपेक्षा अधिक कडक निकष हवेत, आणि क्षमता खोल्यांवरून न मोजता खाटांवरून मोजली जायला हवी. पाच माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेल्या घरात चाळीस खाटा बसवल्या, तर शोषखड्डाही तेवढाच राहतो, मागच्या विहिरीचे पाणी बिघडते, आणि खात्याच्या वहीत मात्र खोल्या पूर्वीइतक्याच असतात.

फुकटच्या पेल्याविषयीही लिहायला हवे. लाओसमधील वांग व्हिएंग या गावाचे उदाहरण आपल्या खात्यात कोणीतरी अभ्यासावे. तिथे रबरी ट्यूबवर बसून नदीतून वाहत जायचे आणि वाटेतल्या बारमध्ये थांबून प्यायचे, अशी प्रथा पडली होती. मृत्यू वाढल्यावर सरकारने 2012 मध्ये नदीकाठचे बार बंद केले आणि गावाचे नाव हळूहळू सुधारले. त्यानंतर नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच गावात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते, त्याने दृष्टी जाते आणि जीवही जातो. लक्षणे अनेकदा काही तासांनी, दुसऱ्या दिवशी दिसतात, तोवर ती नेहमीची डोकेदुखी समजून अंगावर काढली जातात. आपल्याकडे असे होणार नाही, असे मानायला आधार नाही, कारण 2015 मध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली होती. बादलीत किंवा मोठ्या पिंपात आधीच कालवून ठेवलेली, कोणत्या बाटलीतून आली हे न कळणारी फुकट दारू वाटण्यावर बंदी घालणे अबकारी खात्याला अवघड नाही. गोव्यात दारू पिण्याचे किमान वय 21 आहे, पण हॉस्टेलात 18 वर्षांच्या मुलालाही खाट मिळते. त्याचे ओळखपत्र, जन्मतारखेसकट, स्वागतकक्षातल्या टेबलावर तपासले गेलेले असते. त्याच मालकाच्या बारला त्याचे वय माहीत नव्हते, ही सबब यापुढे चालू देऊ नये.

‘नियम कडक केले तर पर्यटक दुसरीकडे जातील’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो टाकाऊ नाही, कारण हंगाम बुडाला तर मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्या पायलटपासून किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यापर्यंत सगळ्यांची पोटे आवळली जातात. तरीही बाहेरचा अनुभव वेगळे सांगतो. फिलिपिन्सने बोराकाय बेट 2018 मध्ये सहा महिने पूर्ण बंद ठेवले, मग नियम पाळणाऱ्या हॉटेलांनाच उघडू दिले आणि समुद्रकाठच्या पार्ट्यांवर बंदी घातली. पर्यटक परत आले. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी 2020 मध्ये आपल्या सर्वांत गोंगाटी भागांत ‘हॅपी अवर’ आणि एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये जथे नेण्याचे प्रकार बंद केले. आणि इतके लांब जायलाच नको, काणकोणातील पाळोळेला हेडफोन लावून रात्रभर नाचण्याच्या पार्ट्या कित्येक वर्षे होत आहेत. तिथे नाचणाऱ्यांचे काही अडले नाही आणि शेजारचे लोकही झोपले. उत्तर गोव्यात हा मार्ग का स्वीकारला जात नाही, याचे मला खरोखरच आश्चर्य वाटते.

तेव्हा आपल्याकडे विनंती अशी आहे की पर्यटन नोंदणीत दारू विकणाऱ्या आणि संगीत लावणाऱ्या हॉस्टेलांचा स्वतंत्र वर्ग करावा, त्यांची नोंदणी आणि अबकारी परवाना यांचे नूतनीकरण एकमेकांशी बांधून टाकावे आणि आवाजाची सिद्ध झालेली तक्रार दोन्हीकडे नोंदली जावी. आज दंड भरणे हा मालकाच्या लेखी धंद्याचा खर्च आहे, आणि एका शनिवारच्या गल्ल्यातून तो फिटतो. बारचा परवाना ऐन डिसेंबरमध्ये पंधरा दिवस निलंबित झाला, तर तो फिटणार नाही. रात्री दहा ते तीन या वेळेत आवाज मोजण्याचे यंत्र आणि कारवाईचा अधिकार एकाच फिरत्या पथकाकडे असावा, आणि खाटांची मंजूर संख्या प्रत्येक हॉस्टेलच्या फाटकावर लावलेली असावी, म्हणजे पंचायतीतला साधा सभासदही ती मोजून पाहू शकेल. यांपैकी बराचसा भाग नवा कायदा न करताही, आहे त्या अधिकारांत, आपण आणि अबकारी खाते मिळून करू शकता.

हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. पावसाळ्यात बहुतेक गच्च्या ताडपत्रीखाली असतात, पाहुणे कमी असतात आणि मालकांनाही दार रुंद करायला, वायरिंग बदलायला सवड असते. तपासणीसाठी त्याहून सोयीची वेळ वर्षात दुसरी नाही, म्हणून हे काम जूनमध्ये हाती घ्यावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
बारदेशातील एक रहिवासी