आधी पत्रा, मग इंजिन: दादांना उघड आभारपत्र

आदरणीय दादा,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. जुनी क्लासिक गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या आणखी चार जणांच्या वाचनात आलं, तर तुमच्या त्या सकाळच्या खटाटोपाचा त्यांनाही उपयोग होईल.

फोक्सवॅगन बीटलच घ्यायची, हे माझं ठरलेलं होतं. त्या सकाळी आपण बघायला गेलो ती लाल बीटल तुम्हाला आठवत असेलच. रंग असा, की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. तुम्ही मात्र रंगाकडे बघितलंही नाही. बीटलचं इंजिन मागे असतं, तुम्ही थेट तिकडे गेलात आणि त्याच्या झाकणावर हात ठेवलात. गार आहे याची खात्री झाल्यावरच पुढची बोलणी. आपण पोचायच्या आधी गाडी चालू करून ठेवली असती, तर सुरू होताना लागणारा वेळ, पहिली खडखड, सायलेन्सरमधून निघणारा पहिला निळा धूर, यातलं काहीच आपल्याला दिसलं नसतं.

मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं चुंबक निघालं. चुंबक मलाही माहीत होतं, फडकं का ते तुम्ही सांगितलंत: एकतर दुसऱ्याच्या गाडीवर ओरखडा नको, आणि दुसरं म्हणजे ओढ थोडी कमी झाली की पातळ पुट्टीसुद्धा हाताला कळते. दाराच्या मधोमध चुंबक घट्ट बसलं. खाली, कडेला आणल्यावर ते चक्क गळून पडलं. तिथे पत्र्याच्या जागी पुट्टीच होती.

मागची सीट उचलून दाखवलीत, तो भाग मी कधीच विसरणार नाही. बीटलची बॅटरी सीटखाली, उजव्या अंगाला असते. वर्षानुवर्षं सांडलेलं ॲसिड आणि झिरपलेलं पाणी, दोन्ही तिथलाच पत्रा खातात. आपण पाहिलं तिथे मात्र सगळं काळंभोर, चकचकीत कोटिंग. मला ते बघून बरं वाटलं होतं. तुम्ही मालकांना एवढंच विचारलंत, "कोटिंग मारायच्या आधीचे फोटो आहेत का?" नव्हते. मग त्यांची परवानगी घेऊन तुम्ही स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलात. टणटण, टणटण, आणि बॅटरीच्या कोपऱ्यात एकदम भद्द.

खरी परीक्षा जॅकवर झाली. दाराखालून जाणारी ती पोकळ पेटी फक्त इंजिनची गरम हवा आत आणण्यासाठी असते, असं मी समजत होतो. बॉडीची ताकदही तिच्यातच असते आणि ती आतून बाहेर गंजत येते, हे तुमच्याकडून कळलं. जमिनीवर दार अलगद लागत होतं. एक बाजू जॅकवर घेतल्यावर तेच दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. म्हणजे गाडी मधेच लवत होती. यावर कुठलाही रंग उपयोगाचा नाही.

एवढं झाल्यावरही तुम्ही इंजिन सोडलं नाहीत. पुली, म्हणजे इंजिनच्या टोकाचं पट्ट्याचं चाक, दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर ओढून बघितलीत. क्रँकचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचा, हा प्ले (आत-बाहेर हलण्याची ढिलाई) नव्या जुळणीत ०.०७ ते ०.१३ मिलीमीटर असतो आणि ०.१५ ही शेवटची हद्द, म्हणजे हाताला जेमतेम जाणवेल इतकाच. स्पष्ट 'टक' आली तर पूर्ण इंजिन उघडायची तयारी ठेवायची. त्या लाल गाडीचं इंजिन उत्तम निघालं. आणि तरीही तुम्ही नको म्हणालात. "इंजिन बांधता येतं, चांगली बॉडी शोधावी लागते," हे तुमचं म्हणणं तेव्हा पटायला जड गेलं होतं.

मालक म्हणत होते, ही गेली तर पुन्हा अशी मिळायची नाही. बाहेर आल्यावर तुम्ही हसलात. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल बाहेर पडेपर्यंत या गाड्या दोन कोटी पंधरा लाखांवर बनल्या, घाई कसली? गाडी दुर्मीळ असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथेही आधी काचेची रबरं, दिवे, क्रोमच्या पट्ट्या जागेवर आहेत का बघायचं, कारण पिस्टन मिळतो आणि एका पट्टीसाठी गाडी वर्षभर उभी राहते.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. त्या मालकांसमोर तुम्ही गाडीला एकदाही नावं ठेवली नाहीत. भाव पाडायला दोष मोठ्याने वाचून दाखवणारे पुष्कळ असतात. तुम्ही सीट होती तशी बसवलीत, बोटांचे ठसे पुसलेत, आणि "गाडी जपलीत" म्हणून निघालात. रंग त्यांनी खरंच जपला होता.

आता दारात उभी आहे ती फिक्या रंगाची, पोचा पडलेल्या फेंडरची (चाकावरच्या मडगार्डची) बीटल तुमच्या होकाराने आली. त्या पोच्यामुळे मी बिचकलो होतो. बीटलचा फेंडर बोल्टवर असतो, काढून दुसरा लावता येतो, हे तुम्ही दोन वाक्यांत संपवलंत. कागदांवरचा चासी नंबर मागच्या सीटखाली, गाडीच्या मधोमध जाणाऱ्या पत्र्याच्या उंचवट्यावर चिंधीने पुसून ताडून पाहिलात, आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा नाहीत ना तेही. टायरच्या नक्षीऐवजी त्यावरचे शेवटचे चार अंक वाचलेत: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. नक्षी कोरी होती, टायर म्हातारे होते, तेवढे बदलले. फेरी मारून आल्यावर चारही चाकांना हात लावून पाहिलात आणि पुढचं एक जास्त गरम लागलं. ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगला होता, पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. पेट्रोलच्या जुन्या नळ्या त्याच दिवशी काढायला लावल्यात, इंजिनवर ठिबकलेलं पेट्रोल म्हणजे आगच.

तुमची एक गोष्ट मात्र मला अजून मान्य नाही. पुढे मूळचे ड्रम ब्रेकच ठेवायचे, हा तुमचा हट्ट. मी डिस्क बसवणार आहे. जुने ड्रम फेकत नाही, पेटीत ठेवतोय, म्हणजे तुमचा राग निम्मा व्हावा. दाराखालच्या डाव्या पोकळ पेटीच्या टोकाला नखाएवढा गंज तुम्ही खडूने खूण करून ठेवला होता, त्याचं वेल्डिंग पुढच्या महिन्यात करतोय. पत्रा कापायच्या आधी तुम्ही एकदा बघून जा. गाडी गारच ठेवतो.

तुमचा,
बीटलवाला